प्रॅक्टिकलमध्ये रमणाऱ्या मुलीला एआयच्या रांगेत उभं करू नका

सीईटीचा निकाल लागला की पंधरा दिवस माझा फोन शांत राहत नाही. प्रश्न ठरलेला असतो : "सर, एआय-डेटा सायन्स मिळेल ना? नाहीतर कॉम्प्युटर तरी?" पर्सेंटाइल कमी पडलं तर मॅनेजमेंट कोट्यासाठी जमिनीचा तुकडा काढायला निघालेले वडीलही भेटतात. मुलाला काय आवडतं, असं विचारलं की उत्तर आई देते.

यंदा सातारा जिल्ह्यातलं एक कुटुंब आलं होतं. अर्धा तास वडील बोलत होते, मुलगी खाली मान घालून बसली होती. शेवटी मी आई-वडिलांना बाहेर बसायला सांगितलं आणि तिला विचारलं, गेल्या दोन वर्षांत कशात मन रमलं? ती म्हणाली, लेझर पॉइंटरसमोर डोक्याचा केस धरला, भिंतीवर उमटलेले पट्टे मोजले आणि त्यावरून केसाची जाडी काढली. रात्री, घरात, एकटीने. कॉलेज 'इंटिग्रेटेड', म्हणजे कोचिंग क्लासशी जोडलेलं, असल्यामुळे सगळी प्रॅक्टिकल्स जानेवारीच्या एका आठवड्यात उरकलेली, रीडिंग्ज गाइडमधून उतरवलेली. केसाचा हा प्रयोग तिच्या वडिलांना ठाऊकच नव्हता.

अशा मुलांना मी अतिलघु, प्रखर लेझरच्या क्षेत्राबद्दल आवर्जून सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. सेकंदाला एकावर पंधरा शून्यं एवढ्या आकड्याने भागलं की एक फेमटोसेकंद होतो. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश 30 फेमटोसेकंदांत केसाच्या जाडीइतकाही पुढे सरकत नाही. लेझरची ऊर्जा एवढ्या क्षणात कोंबली तर काय होतं? 150 टेरावॉटच्या, 30 फेमटोसेकंदांच्या स्पंदात (पल्समध्ये) साधारण साडेचार ज्यूल ऊर्जा असते. किलोभर तूरडाळ जमिनीवरून गुडघ्यापर्यंत उचलायला तेवढीच लागते. पण तीच ऊर्जा धातूच्या पत्र्यावर काही मायक्रॉनच्या ठिपक्यात उतरली की तिथल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटून निघतात, प्रकाशाच्या वेगाच्या जवळ पोहोचतात आणि धातूत खोल घुसतात. आत त्यांना अणूंचे अडथळे लागतात, वेग मंदावतो आणि त्यातून क्ष-किरण बाहेर पडतात. अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडाला, तर ती रिकामी जागा भरतानाही त्या धातूची ओळख सांगणारे क्ष-किरण निघतात. एवढ्या क्षणिक क्ष-किरणांनी स्फटिकातल्या अणूंची हालचाल टिपता येते.

हे काम परदेशातच चालतं असं समजू नका. मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर), असे लेझर रोज चालतात. तिथले जी. रवींद्र कुमार यांना याच क्षेत्रातल्या प्रयोगांसाठी 2015 चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी गुळगुळीत पृष्ठभागावर जिवाणूंचा थर देऊन त्यावर लेझर सोडला, तेव्हा क्ष-किरण कित्येक पटींनी वाढले. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातही अशीच मोठी यंत्रणा आहे.

आणि हे सगळं शक्य झालं ते एका विद्यार्थिनीच्या कामामुळे. लेझरचं स्पंद जास्त प्रखर केलं की ते वाढवणारं उपकरणच जळायचं. 1985 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या डोना स्ट्रिकलंड यांनी मार्गदर्शक जेरार मूरू यांच्यासह तोड काढली : स्पंद आधी लांब ताणायचं, मग वाढवायचं, शेवटी पुन्हा आवळायचं. 2018 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

"पण यात नोकरी कुठे?" हा पुढचा प्रश्न. ज्या एआयसाठी तुम्ही जमीन विकायला निघाला आहात, त्याच्या अत्याधुनिक चिप्स छापणारी यंत्रं नेदरलँड्सची एएसएमएल कंपनी बनवते. त्या यंत्रात सेकंदाला सुमारे 50,000 वितळलेल्या कथलाच्या थेंबांवर लेझर मारतात आणि त्यातून निघणाऱ्या 13.5 नॅनोमीटरच्या प्रकाशाने चिपवर नक्षी उमटते. तिथली स्पंदं फेमटोसेकंदांची नसतात, पण लेझर आणि प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटलेल्या अणूंचा तप्त वायू) जाणणारी माणसं तिथेही लागतात. डोळ्यांच्या काही शस्त्रक्रियांत तर फेमटोसेकंद लेझरच वापरतात.

वाट थोडक्यात सांगतो. बारावीनंतर आयसर (पुण्यात आहेच) किंवा नायसर, नाहीतर चांगल्या कॉलेजात भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी. बीएस्सी केलेल्यांनी मग जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन एमएस्सी. पीएचडीसाठी टीआयएफआरची परीक्षा, जेस्ट किंवा नेट. बारावीपासून पीएचडीपर्यंत दहा-अकरा वर्षं जातात, हे लपवणार नाही. पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांत सरकारी फेलोशिप महिन्याला 37,000 रुपये आणि घरभाडे भत्ता अशी असते. प्राध्यापकाच्या कायम जागा थोड्या आहेत. आणि ही वाट सगळ्यांसाठी नाही. आरसे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत जुळवत बसणं, व्हॅक्यूम पंप गळतोय का ते रात्री दोनला तपासणं, सोल्डरिंग करणं यात ज्याचं मन रमत नाही, त्याने इकडे वळू नये. ज्याला कोड लिहायला खरंच आवडतं त्याने बेशक कॉम्प्युटर घ्यावं.

माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. शेजारच्या मुलाचं पॅकेज ऐकून तुम्ही आपल्या मुलीची शाखा ठरवता. चार वर्षांनी बाजार कसा असेल हे तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. मुलगी कशात रमते, हे मात्र आज कळू शकतं, आणि तेवढंच तुम्ही विचारत नाही. दुसऱ्या वर्षी चार-चार बॅकलॉग घेऊन माझ्याकडे आलेली मुलं हुशार होती. त्यांच्या घरी कोट्याचे पैसे भरून झाले होते, म्हणून परतायची सोय नव्हती.

त्या मुलीच्या वडिलांना मी आत बोलावलं आणि केसाचा प्रयोग तिलाच सांगायला लावला. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "किती निघाली जाडी?"

ऑप्शन फॉर्म भरण्याआधी एक संध्याकाळ फोन बाजूला ठेवून मुलीसमोर बसा. कशात रमतेस ते विचारा आणि तिचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.