आपणच गोष्ट होऊ या!



साहसाच्या खेळात आपणच गोष्टीत असतो. आपण ठरवू तशी गोष्ट वळते. अमेरिकेत १९७६ च्या सुमारास विल क्राउथर यांनी असा खेळ कॉम्प्युटरवर केला. त्यांना गुहांमध्ये उतरायचा नाद होता. केंटकीतल्या मॅमथ गुहेवरून त्यांनी तो आपल्या मुलींसाठी रचला. त्यात एकही चित्र नव्हते, नुसती वाक्ये! १९७७ मध्ये डॉन वूड्स यांनी तो वाढवला. त्यांना प्रोग्रॅम लिहिता येत होता. आपल्याला येत नाही, पण त्यावाचून काही अडत नाही.

ट्वाइन नावाचे साधन आहे. ख्रिस क्लिमस यांनी ते २००९ मध्ये काढले. ते फुकट आहे आणि एकदा कॉम्प्युटरवर घेतले की इंटरनेट लागत नाही. एटापल्लीत हे फार बरे. त्यात एका चौकोनात एक जागा लिहायची. जिथे वाट फुटते ते शब्द दोन-दोन चौकोनी कंसांत घालायचे. लगेच त्या नावाचा नवा चौकोन येतो आणि बाण जोडला जातो. बस्, एवढंच.

पण आधी कागदावर करा. लाईन गेली तरी चालतं. जुन्या कॅलेंडरच्या चिठ्ठ्या कापा, नंबर टाका आणि खाली लिहा, "नाल्याकडे जायचे तर ४, झाडाकडे तर ७."

माझ्या खेळाचं नाव 'मोहफुलं'. आमच्या टोल्यावरच्या एका काकांना अस्वलाने धरले होते. त्यांचा उजवा हात अजून वर होत नाही. म्हणून मी त्यांनाच विचारायला गेलो. ते म्हणाले, "पहाटे एकटा गेलो आन् चूप गेलो. अस्वल खाली मान घालून फुलं खात होतं. त्याला मी दिसलो नाही, मला ते दिसलं नाही." तेव्हा माझ्या दुसऱ्या चिठ्ठीवर तीन वाटा आहेत: एकट्याने जा, सोबत घेऊन बोलत बोलत जा, उजाडेपर्यंत थांबा. थांबलं तर टोपली कमी भरते. तेही खेळात धरलं आहे, कारण घरी फुलं विकूनच तेल-मीठ येते. नुसतं "थांबा" म्हणणं सोपं असतं.

चुकीच्या वाटेवर खेळणारा लगेच मेला असं लिहू नका, मजा जाते. त्याला मागे वळायची एक वाट ठेवा.

आजीला मराठी कमी समजते. तिच्यासाठी मी माडियात वाचून दाखवलं. माडियाही देवनागरीत लिहिता येते, ट्वाइनमध्येसुद्धा. आजीने तिन्ही वाटा ऐकल्या आणि म्हणाली, "मी तर आधी लांबूनच डबा वाजवीन." ही वाट मी लिहिलीच नव्हती! लगेच नवी चिठ्ठी केली. आता सतरा झाल्या.

चिठ्ठ्या फळ्याखालच्या खोक्यात आहेत. पालकांनीही खेळावं. तुमची वाट त्यात नसेल तर कोरे कागद बाजूलाच ठेवले आहेत, पेन्सिलपण आहे.