आधी न्याहारी, मग प्रश्न
शास्त्रपाठ : योहान २१:१–१९



योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनदा येतो. एकापाशी शेकत असताना पेत्राने प्रभूला नाकारले (१८:१८, २५). दुसरा तिबिर्या समुद्राच्या काठी प्रभूने तयार ठेवला होता (२१:९). तिथे त्याने पेत्राकडे जाब मागितला नाही. रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांना आधी भाकर व मासळी दिली. न्याहारी झाल्यावर मगच तीनदा प्रीतीविषयी विचारले. जितके नकार, तितक्याच कबुल्या. आणि प्रत्येक कबुलीला मेंढरांची जबाबदारी.

हा पाठ मी एका कातकरी पाड्यावर शिकवला. कोळसाभट्टीवर राबणारा आमचा एक बांधव पत्नी वारल्यावर पुन्हा दारूकडे वळला होता. लाजेने तो प्रार्थनेला येईना. आम्ही भाकरी घेऊन त्याच्या झोपडीत गेलो, सोबत जेवलो. त्या दिवशी दारूचा विषय काढला नाही. आता तो रविवारी येतो. त्याची झुंज संपलेली नाही, पण तो एकटा नाही.

मननासाठी : आपल्या मंडळीत कोणाची जागा रिकामी आहे? त्याच्याकडे या आठवड्यात कोण जाईल?