आपले संग्रहालय वाचू या



कमाटीबाग माहीत नाही असा बडोदेकर शोधूनही सापडायचा नाही. विश्वामित्रीच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या या सयाजीबागेत आपण प्राणी पाहायला जातो, हिरवळीवर डबा उघडतो आणि अंधार पडायच्या आत घरी परततो. पण याच बागेत बडोदे म्युझियम व पिक्चर गॅलरीच्या दोन भव्य इमारती उभ्या आहेत. त्या आतून नीट पाहिलेले किती जण आहेत? वर्गात विचारले की बहुतेक हात वर होतात. मग “आत काय पाहिलेस?” असे विचारले की एकाच सुरात उत्तर येते, “देवमासा आणि ममी!”

उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. म्हणून या अंकात संग्रहालयाचा इतिहास पाहू आणि तिथली वस्तू ‘वाचायची’ कशी, तेही शिकू.

संग्रहालय कसे उभे राहिले?

श्रीमंत सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी झाला. १८७५ साली ते बडोद्याच्या गादीला दत्तक आले आणि १८८१ साली राज्यकारभार त्यांच्या हाती आला. १८८७ साली ते प्रथम युरोपात गेले. त्याच वर्षी या संग्रहालयाची स्थापना झाली, आणि १८९४ साली इमारत पूर्ण होऊन ती लोकांना खुली झाली. इमारतीच्या रचनेशी मेजर मँट आणि रॉबर्ट चिझम ही दोन नावे निगडित आहेत. लक्ष्मीविलास राजवाडाही याच दोघांचा.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. राजेलोक मौल्यवान वस्तू जमवीत, पण त्या राजवाड्यात राहत. पाहणार कोण, तर पाहुणे आणि दरबारी. सयाजीरावांनी संग्रहालय बांधले ते सार्वजनिक बागेत, जिथे कोणीही येऊ शकत असे. त्यांच्यापुढे लंडनच्या संग्रहालयांचा नमुना होता. कारागीर, विद्यार्थी आणि सामान्य माणूस यांना उत्तम वस्तू पाहून शिकता यावे, हा त्या संग्रहालयांचा हेतू. १९०६ साली ज्या राजाने आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याने संग्रहालयही शाळेसारखेच मानले असले पाहिजे. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही डोळ्यांनी शिकता येते.

जग बडोद्यात आले

सुरुवातीचा संग्रह पाहिला तर जणू सारे जगच एका छपराखाली आणायचे ठरले होते, असे वाटते. इजिप्तची ममी आली. चीन, जपान, तिबेट, नेपाळ येथील कलावस्तू आल्या. प्राणी, दगड, खनिजे यांची दालने झाली. भारतीय लघुचित्रांमध्ये तर अकबराच्या काळी महाभारताचे फारसीत भाषांतर झाले, त्या ‘रज्मनामा’च्या १५९८ सालच्या हस्तलिखितातील काही सचित्र पानेही इथे आहेत.

पिक्चर गॅलरीची कथा वेगळीच आहे. तिचे बांधकाम १९०८ साली सुरू झाले आणि १९१४ साली संपले. युरोपीय चित्रे निवडण्याचे काम लंडनचे कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन यांच्याकडे होते. पण त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले आणि युरोपातून चित्रे आणणे लांबले. इमारत तयार, भिंती रिकाम्या! अखेर १९२१ साली गॅलरी उघडली. इतिहासाच्या पुस्तकात महायुद्ध दूर कुठे तरी घडते. त्याची झळ आपल्या कमाटीबागेतल्या भिंतींपर्यंतही पोहोचली होती.

देवमाशाचा सांगाडा मात्र परदेशातून आलेला नाही. १९४४ साली मही नदीच्या मुखापाशी, खंबातच्या आखातात आलेल्या निळ्या देवमाशाचा तो सांगाडा सुमारे ७२ फूट लांब आहे. त्या काळात संग्रहालयाचे संचालक होते जर्मन कलेतिहासकार डॉ. हर्मन गोत्झ. मायदेश सोडलेल्या या विद्वानाने बडोद्यात बसून भारतीय कलेचा अभ्यास केला आणि संग्रहालयाची संशोधनपत्रिका सुरू केली. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची पहिली जबाबदारीही त्यांच्याकडेच आली.

आणि बडोदे जमिनीतून वर आले

१९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजा गेला, संस्थान गेले, संग्रहालय राहिले. आणि दोनच वर्षांनी, १९५१ साली, आपल्या अकोट्याला जमिनीतून जैन ब्राँझमूर्तींचा मोठा साठा मिळाला. अडुसष्ट मूर्ती आणि त्यांचे भाग! त्यांतल्या सर्वांत जुन्या मूर्ती इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातल्या आहेत.

आज अकोटा म्हटले की आपल्याला स्टेडियम आणि पूल आठवतो. त्या ठिकाणी पूर्वी ‘अंकोट्टक’ नावाचे संपन्न नगर होते. डॉ. उमाकांत प्रेमानंद शाह यांनी या मूर्तींचा अभ्यास करून १९५९ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा अकोट्याचे नाव जगभरच्या अभ्यासकांच्या तोंडी झाले.

जरा विचार करा. ब्राँझ हा धातू वितळवून पुन्हा वापरता येतो. जमिनीतून निघालेली काळवंडलेली मूर्ती ओळखणारे कोणी नसेल, तर ती भंगारात जाऊन तिचे भांडे व्हायला कितीसा वेळ? या मूर्ती वाचल्या, कारण त्यांचे मोल जाणणारी माणसे आणि त्या ठेवायला जागा या शहरात आधीपासून होती. सहा दशकांपूर्वी दूरदेशच्या वस्तूंसाठी बांधलेले घर असे आपल्याच मातीतल्या ठेव्याच्या उपयोगी पडले.

वस्तू कशी वाचावी?

आता एक मूर्ती घेऊ : अकोट्याची जीवंतस्वामी. पाच प्रश्न विचारायचे.

१. कशाची? ब्राँझची. आधी मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर मातीचा लेप देतात आणि तापवतात. मेण वितळून वाहून जाते. त्या पोकळीत धातूचा रस ओततात. साचा फोडूनच मूर्ती बाहेर काढावी लागते, म्हणून प्रत्येक मूर्ती एकुलती एक.

२. केव्हाची? सुमारे सहाव्या शतकातली. म्हणजे शिवछत्रपतींच्याही अकराशे वर्षे आधीची.

३. कोण? वर्धमान महावीर.

४. वेगळे काय दिसते? तीर्थंकरांच्या अंगावर सहसा दागिने नसतात. इथे मात्र मुकुट आहे, अलंकार आहेत. का? तर संसार सोडण्यापूर्वी, राजकुमार असतानाच ध्यानाला उभे राहिलेले हे महावीर आहेत. दागिने अंगावर असले तरी मन त्यांच्यात नाही. हे सारे शिल्पकाराने एकाही शब्दाशिवाय सांगितले आहे!

५. कोणी दिली? अशा एका मूर्तीच्या पीठावर लेख आहे. त्यात दान देणाऱ्या श्राविकेचे नाव येते : नागीश्वरी. त्या काळच्या किती राजांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, आणि एका बाईचे नाव चौदाशे वर्षे धातूवर टिकून आहे.

पाहा, एका मूर्तीतून विज्ञान, इतिहास, धर्म आणि कला असे चार तास झाले.

करून पाहा

(अ) देवमाशाच्या पुढच्या पराची हाडे निरखा आणि आपल्या हाताशी ताडून पाहा. मासे आणि देवमासा यांत फरक काय, ते विज्ञानाच्या वहीत लिहा.

(आ) कोणतीही एकच वस्तू निवडा. तिच्यासमोर पंधरा मिनिटे थांबा, चित्र काढा आणि वरचे पाच प्रश्न सोडवा. माहितीची पाटी शेवटी वाचायची!

(इ) आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणीचे संग्रहालय कसे होते? ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.

पालकांना दोन शब्द

सयाजीराव महाराजांचा अभिमान आपल्या घराघरांत आहे. जयंतीला आपण हार घालतो, मुलांकडून भाषणे पाठ करून घेतो. ते चांगलेच आहे. पण महाराजांनी पुतळ्याहून मोठी अशी एक गोष्ट आपल्यासाठी ठेवली आहे, आणि तिच्या दारावरून आपण दर रविवारी पुढे निघून जातो. आज हे संग्रहालय गुजरात सरकारच्या देखरेखीखाली आहे. म्हणजेच ते गुजराती, मराठी, सर्वच बडोदेकरांचे आहे. जिथे पाहणारे येत नाहीत तिथे धूळ साचते, आणि काय झिजले, काय हरवले हे विचारणाराही कोणी उरत नाही. जाणते पाहणारे तयार करणे हे शाळेचे काम आहेच, पण त्यात घराचाही वाटा हवा.

येत्या सुट्टीत वेळेची आणि कोणती दालने उघडी आहेत याची आधी चौकशी करून मुलांना जरूर न्यावे. सगळे एका दिवसात पाहण्याची घाई नको. एक तास आणि तीन वस्तू पुरेत. परतताना मुलाला “मजा आली का?” एवढेच विचारू नका. “काय पाहिलेस, आणि ते तिथे कसे आले?” असे विचारा. त्याने सांगितलेले उत्तर आमच्यापर्यंत पोहोचवावे. निवडक उत्तरे पुढील अंकात अवश्य छापू.