परगांवच्या गिऱ्हाइकाची पारख

घोडा घेणारानें दांत, खूर व चाल पाहावी, हें आपल्याकडे पोरासोरांसही ठाऊक असतें. विकणारानें घेणाराची पारख कशी करावी, हें मात्र कोणी शिकवीत नाहीं. सारंगखेड्याच्या किंवा माळेगांवच्या यात्रेंत गिऱ्हाईक समोर उभें असतें. त्याचे सोबती व लगाम धरण्याची रीत पाहून निम्मी पारख जागच्या जागीं होते. आतां पंजाब वा मारवाडांतील गिऱ्हाईक मोबाईलवर चित्र पाहूनच सौदा करूं पाहतें. अशा वेळीं काय तपासावें, याचा विचार येथें करूं.

प्रथम कायद्याची बाजू. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणें, समोर तयार असलेल्या ठराविक जनावराचा बिनशर्त सौदा झाला कीं, वेगळा ठराव नसल्यास मालकी तेव्हांच घेणाराकडे जाते. पैसे मागाहून द्यावयाचे असले तरीही. उधारीची बोली नसेल, तर जनावर आपल्या ताब्यांत आहे तोंवर किंमतीकरितां तें अडवून ठेवतां येतें. घेणारानें ठरविलेल्या गाडींत तें चढविलें कीं हा आधार सामान्यतः संपला. पुढें उरलें केवळ येणें, आणि तें परप्रांतांत जाऊन वसूल करावयाचें! म्हणून पूर्ण रक्कम खात्यांत जमा झाल्यावरच मालकी व ताबा जाईल, असें वाक्य लेखांत असलेंच पाहिजे.

आतां माणसाची ओळख. गिऱ्हाइकाविषयींची माहिती खुद्द गिऱ्हाइकाकडूनच आली, तर ती तपासणी नव्हे. साक्षीकरितां त्यानें दिलेला क्रमांक त्याच्याच भावाचा असूं शकतो. त्याच्या तालुक्यांतील पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांक आपण स्वतः शोधावा व हे गृहस्थ घोडीं बाळगतात काय, असें विचारावें. तो जमीनदार म्हणवीत असेल, तर गांव व गट किंवा खसरा क्रमांक मागावा. आपला सातबारा व राजस्थानची जमाबंदी आतां संगणकावर पाहतां येतात. आमची हयात महसुलाच्या कागदांत गेली, म्हणून सांगतों: उताऱ्यावर नांव निघालें म्हणजे बोलणारा तोच, असें मुळींच नव्हे.

खरें गिऱ्हाईक उलट प्रश्न फार विचारतें. वय काय, लाथ मारतो काय, गाडींत चढतो काय, भोंवरे कोठें आहेत? भोंवऱ्यांच्या शुभाशुभावर आमचा विश्वास नाहीं. परंतु मारवाडी घोड्याचा जाणता शौकीन ते पाहिल्यावांचून सहसा सौदा करीत नाहीं. जो कांहींच न विचारतां सांगितली किंमत कबूल करतो, त्याची नजर घोड्यावर नसून आपल्या खात्यावर असण्याचा संभव अधिक. असे ठग बहुधा लष्करांतील जवान म्हणवितात, आणि चुकून जास्त पैसे पाठविले, फरक परत करा, अशी घाई करतात. पैसे घेण्याकरितां गुप्तांक कधींही लागत नाहीं. जमेचा संदेश प्रमाण मानूं नये. बँकेंत खातें पाहावें. ठकविलें गेल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. (कायद्याचें सालही तेंच, हा योगायोग.) दोन लाख व त्याहून अधिक रोख रक्कम घेण्यास १ एप्रिल २०१७ पासून मनाई आहे.

घोडा पैदाशीस नेणार, वरातीस, कीं वीटभट्टीच्या गाड्यास, हेंही स्पष्ट विचारावें. उत्तर न रुचल्यास नकार देण्याचा अधिकार सौदा ठरेपर्यंतच आपला असतो.

वाहनांतून नेण्यास १९७८ च्या नियमांप्रमाणें पशुवैद्याचा प्रवासयोग्यतेचा दाखला लागतो. त्याबरोबरच ग्लँडर्स रोगाकरितां रक्ततपासणी करून घ्यावी व दोहोंची एकेक प्रत आपल्याजवळ ठेवावी. कारण मुक्कामीं पोंचल्यावर घोडा रोगी निघाला, म्हणून पैसे परत मागणारींही गिऱ्हाइकें असतात.