हाडापेराप्रमाणें व्यायाम व आहार

प्रतिवर्षीं विद्यार्थ्यांची उंची व वजन मोजण्याचा दिवस आला म्हणजे वजनकांट्याभोंवतीं मोठी गर्दी जमते. आंकडा लहान निघाला म्हणून कोणी हिरमुसतो, तर मोठा निघाला म्हणून कोणी घरीं जाऊन जेवणाचें ताट दूर सारतो. असा एक विद्यार्थी आमच्या पाहण्यांत आला. आपल्याच उंचीच्या सोबत्यापेक्षां आपलें वजन सहा किलोंनीं अधिक भरलें, एवढ्यावरून त्यानें दुपारचा डबा उघडणेंच सोडलें. पंधरा दिवसांनीं कवाईत चालू असतां तो भोवळ येऊन पडला, तेव्हां हा प्रकार उघडकीस आला. आम्हीं त्या दोघांचीं मनगटें मोजलीं. सोबत्याचें १५ सेंटिमीटर भरलें, ह्याचें १७. खांदेही त्याच मानानें रुंद. ज्या वजनाची त्यास लाज वाटत होती, त्यांत त्याच्या जन्मजात ठेवणीचाही वांटा होता. ह्या विषयावर चार शब्द लिहावे असें तेव्हांपासून आमच्या मनांत होतें.

अमका मनुष्य हाडापेरानें मजबूत आहे, असें आपण सहज बोलतों. हाडपेर म्हणजे हाडांची व सांध्यांची रुंदी आणि जाडी. ती पुष्कळ अंशीं आईबापांकडून येते. अमेरिकेंतील मेट्रोपॉलिटन लाइफ नांवाच्या विमा कंपनीनें १९४२-४३ सालीं जीं वजनाचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं, त्यांत एकाच उंचीस लहान, मध्यम व मोठें अशा तीन हाडापेरांप्रमाणें निरनिराळीं वजनें दिलेलीं होतीं. परंतु आपलें हाडपेर कोणतें हें ठरवावें कसें, तें मात्र सांगितलेलें नव्हतें. १९८३ च्या कोष्टकांत ती उणीव कोपराच्या रुंदीचें माप देऊन भरून काढण्यांत आली.

घरीं करण्याजोगी रीत मनगटाची आहे. मनगटावर चरबी व स्नायू थोडे असतात, म्हणून तेथें हाडाचा अंदाज बरा येतो. मनगटाच्या उंचवट्याच्या पुढें, पंजाच्या बाजूस, फीत सैल न ठेवतां गुंडाळावी. आणि उंचीच्या सेंटिमीटरांस मनगटाच्या सेंटिमीटरांनीं भागावें. भागाकार प्रौढ पुरुषाच्या बाबतींत १०.४ हून अधिक आल्यास हाडपेर लहान, ९.६ ते १०.४ आल्यास मध्यम व त्याहून कमी आल्यास मोठें समजतात. प्रौढ स्त्रियांच्या बाबतींत ह्याच मर्यादा ११ व १०.१ अशा आहेत. उदाहरणार्थ, १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचें मनगट १६.५ असल्यास भागाकार १० येतो. म्हणजे हाडपेर मध्यम. विद्यार्थ्यांनीं येथें एक गोष्ट विसरूं नये. हीं मापें प्रौढांचीं आहेत. तुमचीं हाडें अद्यापि वाढत आहेत. तेव्हां आजच्या मापावरून स्वतःस कायमची चिठ्ठी चिकटवूं नका.

हें ज्ञान व्यायामांत कसें उपयोगी पडतें? बारीक हाडापेराच्या मुलानें थोराड सोबत्याचें वजन उचलण्याची ईर्ष्या धरूं नये. हलक्या वजनानें आरंभ करून भार क्रमाक्रमानें वाढविला, तर त्याचेही स्नायू बळकट होतात. आणि मल्लखांबावर तर हलकें शरीर ही सोयच असते. ज्याचें शरीर भारी, त्याच्या गुडघ्यांवर धांवतांना अधिक भार येतो; त्यानें चालणें, पोहणें व सायकल ह्यांपासून आरंभ करावा आणि धांवणें हळूहळू वाढवावें. आपल्या शक्तीच्या निम्म्यानेंच व्यायाम करावा, हा सुश्रुताचा उपदेश नवशिक्यास आजही हितकर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणें मुलांमुलींनीं प्रतिदिनीं सरासरी ६० मिनिटें तरी अंगमेहनत करावी; हा नियम सर्व हाडापेरांस सारखाच लागू आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधव ह्यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें, तें ५७ किलोंच्या गटांत! बळ हें केवळ देहाच्या आकारमानावर अवलंबून नसतें.

आहाराविषयीं लोकांत एक गैरसमज आहे. हाडापेराप्रमाणें अन्न निराळें लागत नाहीं. अन्न तेंच, प्रमाण मात्र शरीर व श्रम ह्यांप्रमाणें कमीअधिक. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणें प्रौढास वजनाच्या प्रत्येक किलोमागें प्रतिदिनीं ०.८३ ग्रॅम प्रथिनें पुरेशीं होतात. म्हणजे ५० किलोंच्या मनुष्यास सुमारें ४२ ग्रॅम व ६० किलोंच्या मनुष्यास सुमारें ५० ग्रॅम. भाकरीबरोबर उसळ किंवा भाताबरोबर वरण असलें, म्हणजे धान्यांतील प्रथिनांची उणीव डाळींनीं भरून निघते. नाचणी व दूध ह्यांतील चुना हाडांस बळकटी देतो. हाडांतील ह्या सांठ्याची बहुतेक भरती विसाव्या वर्षाच्या सुमारापर्यंत होते. म्हणून वाढीच्या वयांत ताट दूर सारणारा विद्यार्थी पुढील आयुष्याची शिदोरीच कमी करीत असतो.

मात्र रुंद हाडपेर ही आळसाची सबब नव्हे. मनगट वाढत नसून पोट मात्र वाढत असेल, तर तो दोष हाडांचा नव्हे. त्याचप्रमाणें मूल एकाएकीं वाळूं लागलें, तर "त्याची चणच तशी" म्हणून स्वस्थ न बसतां वैद्यास दाखवावें.

पालकांस आमची एकच विनंती आहे. "शेजारचा बघ कसा आहे!" हे शब्द जेवतांना उच्चारूं नयेत. तुलना करावयाचीच असेल, तर मुलाच्या गतवर्षाची त्याच्या ह्या वर्षाशीं करावी. वर सांगितलेला विद्यार्थी आतां गोळाफेकींत भाग घेतो, आणि मधल्या सुट्टींत आपला डबा सर्वांच्या आधीं उघडतो.