चैत्रातला पालापाचोळा आणि आषाढातले खत



होळी झाली की आपल्या आवारातले कडुनिंब आणि पिंपळ पाने गाळू लागतात. आधी या पाल्याला काडी लावली जाई. धूर वर्गात शिरे आणि पाल्याची राख होई. ते आम्ही बंद केले. पण मागच्या वर्षी आमच्या हातून दुसरी चूक झाली, ती आधी सांगतो.

सुट्टी लागायच्या घाईत, मेच्या मध्यावर, आम्ही चार फूट खोल खड्डा खणून सगळा पाला त्यात दाबला. वर माती लोटली आणि घरी गेलो. जूनअखेरच्या पावसाने खड्डा भरला. माळव्याची काळी माती एकदा फुगली की पाणी खाली जाऊ देत नाही. पाला कुजण्याऐवजी सडला आणि शाळा उघडल्यावर पालकांनी दुर्गंधीची तक्रार केली. तक्रार रास्त होती. जुलैत लावलेल्या रोपांना खत मिळाले नाही, त्यातली निम्मी दिवाळीपर्यंतही टिकली नाहीत.

गंमत अशी, की हे शास्त्र आपल्याच गावात तयार झाले आहे. 1924 साली इंदुरात होळकर संस्थानाच्या जमिनीवर वनस्पती-संशोधन संस्था निघाली. तेथे अल्बर्ट हॉवर्ड व त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी कंपोस्टची जी रीत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. त्यावरचे पुस्तक 1931 साली निघाले. त्याचे सहलेखक होते यशवंत वाड. कपाशीच्या टणक पऱ्हाट्या तिथे रस्त्यावर पसरीत, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांखाली त्या चुरडल्या जात. आपणही पिंपळाची चिवट पाने फाटकाशी पसरू. शाळा सुटली की चुरा आपोआप होईल!

या पद्धतीचे मर्म हवेत आहे. ढिगाऱ्यातले जिवाणू श्वास घेतात. हवा आणि ओल दोन्ही मिळाली तर ढीग इतका तापतो की आत हात ठेववत नाही. हवा कोंडली की वास सुटतो. म्हणून यंदा खड्डा नाही, जमिनीवरच ढीग रचायचा. हॉवर्डसुद्धा पावसाळ्यात खड्डे सोडून जमिनीवर ढीग करीत.

वीतभर पाला, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, मूठ-दोन मूठ राख आणि बागेतली माती, पुन्हा पाला, असे कमरेइतके थर रचायचे. पाय देऊन दाबायचे नाही. ओल किती हवी ते मुठीत धरून पाहा: पिळलेल्या फडक्यासारखी लागली पाहिजे, थेंब गळता कामा नये. ढीग 10 एप्रिलपर्यंत रचला, तर पहिली उलथापालथ पंचविशीच्या सुमारास, दुसरी 10 मेच्या आसपास, तिसरी 10 जूनला. खत जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तयार. मृग लागला की ढिगावर जुने पत्रे टाकावे लागतील.

अडचण मेची आहे. सुट्टीत ढीग वाळतो आणि वाळला की कुजणे थांबते. शाळेजवळ राहणाऱ्या पालकांनी आठवड्यातून एकदा पाणी शिंपडण्याची पाळी घ्यावी, अशी आमची विनंती आहे. भाजी धुतलेले पाणी चालते. आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी जलूदहून विंध्य चढवून आणावे लागते. 1978 साली ते शहरात पोचले. ते ढिगावर ओतायला मन धजत नाही.

सगळा पाला मात्र ढिगात घालू नका. उन्हाने काळी माती भेगाळते आणि भेगांतून ओल उडून जाते. भेंडी-गवारीच्या वाफ्यांवर दोन-तीन बोटे पाला पसरा, पण खोडापासून चार बोटे दूर, नाहीतर वाळवी लागते. पाणी सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर द्या. नवीन झाडाशेजारी पाझरणारे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले, तर पाणी थेट मुळांशी जाते. झाकण ठेवायला विसरू नका, डास होतात.

रोपे आता लावायची नाहीत. हौसेने आणलेले रोप मेच्या उन्हात जळते. खड्डे मात्र आताच, दोन फूट लांब-रुंद-खोल, खणून ठेवा. महिनाभर ऊन लागले की किडीची अंडी मरतात. आषाढात पाऊस मुरला की नवे खत मातीत मिसळून रोप लावू.

जूनमध्ये निंबोळ्या पडतील, त्या वेचून सावलीत वाळवा. पन्नास ग्रॅम गर कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवला आणि गाळून त्यात थोडा साबण मिसळला, की माव्यावर फवारायला औषध झाले.

विश्वस्तांकडे एवढेच मागणे आहे: मागच्या भिंतीलगतची दहा फूट जागा ढिगासाठी राखून द्यावी आणि सफाईवाल्या काकांना पाला गाडीत न टाकण्यास सांगावे. पाण्याच्या पाळीची वही कार्यालयात ठेवली आहे. मेच्या दुसऱ्या व तिसऱ्या आठवड्यांसाठी अद्याप कुणाचेच नाव नाही.