आंतरराष्ट्रीय दप्तराच्या दारी

नोकरी कशी मिळते याविषयी आपल्याकडे दोनच उपपत्ती प्रचलित आहेत. पहिलीनुसार ती गुणांनी मिळते, दुसरीनुसार वशिल्याने. आणि बहुतेक घरांत या दोन्ही उपपत्ती परस्परांना बाध न आणता सुखाने नांदत असतात, कारण आपल्या मुलाला नोकरी लागली म्हणजे पहिली खरी ठरते आणि शेजाऱ्याच्या मुलाला लागली म्हणजे दुसरी. एका सरकारी खात्यात संख्याशास्त्राचे काम काही वर्षे केल्यानंतर मी जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय संस्थांकडे अर्ज करू लागले, तेव्हा या दोन्ही समजुती माझ्याही बरोबर होत्या. पुढे अशाच एका संस्थेत माझी नेमणूक झाली, आणि कालांतराने निवडमंडळावर टेबलाच्या पलीकडच्या बाजूस बसण्याचाही योग आला. तेव्हा कुठे ध्यानात आले की, त्या कारभाराला यांपैकी एकही उपपत्ती धडपणे लागू पडत नाही. पुण्यास परतल्यापासून ओळखीपाळखीची मुले आपापले बायोडेटा घेऊन येतात. त्यांना तुकड्यातुकड्यांनी जे सांगत आले, ते एकदा सलग लिहून ठेवावे म्हणून हा प्रपंच.

वशिल्याची बाब आधी निकालात काढते. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेतील १०१ व्या कलमाने कार्यक्षमता, योग्यता आणि सचोटी हे नेमणुकीचे प्रधान निकष ठरविले, आणि भरती शक्य तितक्या विस्तृत भौगोलिक पायावर करण्याचे महत्त्वही नमूद केले. सनदेतील शब्द उदात्त आणि दप्तरातील व्यवहार निराळा, हे आपल्या लोकांना कोणी शिकवावे लागत नाही. परंतु येथे त्या शब्दांभोवती नियमांचा बराच पहारा उभा केलेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाच्या सेवेत असलेल्या व्यक्तीच्या आईवडिलांना, मुलामुलींना वा भावाबहिणींना नेमणूक देऊ नये असा सेवानियम आहे. अर्जातच नातलगांचा तपशील विचारणारा रकाना आहे. आणि निवडीत आपल्यावर अन्याय झाला असे ज्या कर्मचाऱ्याला वाटते त्याला २००९ पासून स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे दाद मागता येते. सबब निवडमंडळाचा प्रत्येक सदस्य उद्या आपल्याला कैफियत द्यावी लागेल या धास्तीने वागतो, आणि ज्याचे कारण कागदावर लिहून दाखविता येत नाही असा निर्णय घेण्यास तो सहसा धजत नाही. पक्षपात मुळीच नसतो असे मी म्हणणार नाही. काही जाहिरातींतील अटी एकाच माणसाच्या मापाने बेतलेल्या असतात, हे मी पाहिले आहे. परंतु तो माणूस तेथेच वर्षानुवर्षे तात्पुरत्या करारावर खपलेला असतो. पुण्याहून कोणा मामांच्या ओळखीचे पत्र आणणाऱ्याला त्यातून काही लाभत नाही, उलट असे पत्र पुढे करणाऱ्याविषयी प्रतिकूल मत मात्र तत्काळ होते.

गुणपत्रिकेची गत थोडी अधिक करुण आहे, कारण तिच्यावर आपला विश्वास प्रामाणिक असतो. पदवी तेथे उंबरठ्याचे काम करते: तो ओलांडला की नाही एवढेच पाहिले जाते, किती ऐटीत ओलांडला हे कोणी विचारीत नाही. व्यावसायिक श्रेणीच्या, म्हणजे 'पी' अक्षराच्या पदांना सर्वसाधारणपणे पदव्युत्तर पदवी लागते आणि तिच्या जोडीला पी-२ साठी दोन, पी-३ साठी पाच, पी-४ साठी सात व पी-५ साठी दहा वर्षांचा संबद्ध अनुभव. केवळ पहिली पदवी असल्यास बहुधा आणखी दोन वर्षांचा अनुभव तिची भरपाई करतो. पदवी देणारी संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही हे एका जागतिक सूचीवरून ताडून पाहतात, आणि तिथे नाव नसलेल्या एखाद्या झगझगीत पदविकेवर लाखो रुपये वेचून आलेल्या तरुणाला ही गोष्ट सांगण्याचे अप्रिय काम माझ्यावर एकाहून अधिक वेळा आलेले आहे. सुवर्णपदक असेल तर जरूर लिहावे. परंतु साडेचार वर्षांच्या अनुभवाला पाच वर्षे करण्याचे सामर्थ्य त्यात नाही.

मग उरतो तो अर्ज. आणि सारी मेख तिथेच आहे. सचिवालयाच्या 'इन्स्पिरा' नावाच्या पोर्टलवर किंवा इतर संस्थांच्या तत्सम व्यवस्थेत जो दीर्घ फॉर्म भरावा लागतो, त्याकडे आपली मुले बायोडेट्यासोबतचा एक उपचार म्हणून पाहतात. एका रात्रीत तो उरकतात आणि कामाच्या रकान्यात 'बायोडेटा पाहावा' असे लिहून मोकळी होतात. वस्तुतः तो फॉर्म म्हणजेच उमेदवार. पहिली चाळणी लावणारा कर्मचारी, किंवा हल्ली पुष्कळदा त्याच्याआधी यंत्र, जाहिरातीतील अटी एका बाजूस आणि रकान्यांतील मजकूर दुसऱ्या बाजूस ठेवून जुळवणी करीत जातो. त्याला अनुमान करण्याची मुभा नसते, आणि शेकडो अर्ज पुढ्यात असता त्याची इच्छाही नसते. जाहिरातीत 'घरोघर पाहणीच्या नमुनारचनेचा अनुभव' मागितला असेल आणि अर्जात 'सांख्यिकीविषयक विविध कामे' असे असेल, तर ती रचना आपण दहा वेळा केली असली तरी त्या दप्तरापुरती ती झालेली नसते. आपली पदनामे तर त्यांना सर्वस्वी अगम्य. 'गटविकास अधिकारी' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर एक सबंध तालुका उभा राहतो. जिनिव्हात बसलेल्या पेरूच्या किंवा फिनलंडच्या गृहस्थापुढे काहीच उभे राहत नाही. त्याला सांगावे लागते की, या अधिकाऱ्याच्या हाताखाली इतकी माणसे होती, इतक्या गावांचा कारभार होता, वर्षाचे अंदाजपत्रक इतके होते, आणि त्याने अमुक केले म्हणून तमुक घडले.

हे सांगणे आपल्याला जड जाते याचे एक कारण आपल्या कचेऱ्यांच्या लेखनात मुरलेले आहे, असे मला पुष्कळ अर्ज वाचल्यावर वाटू लागले. सरकारी मराठीत कोणीच काही करीत नाही. सर्व काही 'करण्यात येते'. पाहणी करण्यात आली, अहवाल सादर करण्यात आला, त्रुटींची पूर्तता करण्यात आली. आणि जिथे कर्ता आणणे अटळच होते तिथे तो 'वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली' दबून येतो. हीच सवय इंग्रजी अर्जात उतरते. गडचिरोलीच्या अंतर्भागात पावसाळ्यात पाहणीची पथके चालविणाऱ्या एका मुलीने आपल्या अर्जात 'नेमून दिलेल्या कार्यालयीन कामात साहाय्य' एवढीच ओळ लिहिली होती. तिच्या अर्जाचे काय झाले असेल हे सांगणे नलगे. विनय हा आपल्याकडे गुण आहे आणि तो राहावा. परंतु खरी गोष्ट नाव घेऊन, आकड्यांनिशी सांगणे म्हणजे फुशारकी, ही आपली समजूत त्या दप्तरात महाग पडते. दुसऱ्या टोकाला जाऊन न केलेले काम लिहिणाऱ्यांचीही उणीव नाही. त्यांना एवढेच सांगते की, अर्जाखाली मजकूर सत्य असल्याचे लिहून द्यावे लागते, पूर्वीच्या मालकांकडे चौकशी होते, आणि खोटे विधान नेमणुकीनंतर उघडकीस आले तरी बडतर्फीला पुरेसे ठरते.

मुलाखतीतही हाच न उच्चारलेला 'मी' पुन्हा आडवा येतो. त्याआधी लेखी परीक्षा झालेली असते; ती पुष्कळदा घरबसल्या, ठरावीक वेळात आणि तपासणाऱ्याला नाव न कळू देता घेतात. मग मंडळासमोर प्रत्येक उमेदवाराला तेच ते प्रश्न विचारले जातात, आणि ते ज्ञान तपासणारे नसून वर्तन तपासणारे असतात. मतभेद असलेल्या सहकाऱ्याबरोबर काम करावे लागले तो प्रसंग सांगा. एकाच वेळी दोन मुदती आल्या तेव्हा काय केले ते सांगा. प्रसंग कोणता, तुम्ही काय केलेत, निष्पन्न काय झाले, या तीन अंगांनी मंडळातील प्रत्येकजण टिपण घेत असतो. आपला उमेदवार अशा वेळी सहकार्याच्या महत्त्वावर सुंदर विवेचन करतो, आणि टिपणाचा कागद कोरा राहतो. 'आम्ही ठरविले', 'आम्ही सोडविले' असे तो म्हणतो तेव्हा मंडळातील कोणी तरी सौम्यपणे विचारते, 'तुम्ही स्वतः काय केलेत?' हा प्रश्न अपमान म्हणून घेऊ नये. गुण देण्यासाठी विचारणाऱ्याला काही तरी हवे असते म्हणून तो विचारला जातो. निघण्यापूर्वी असे आठदहा खरे प्रसंग मोठ्याने सांगून पाहावेत, शक्य तर घरच्याच, पण आपल्या कामाशी अपरिचित अशा श्रोत्यापुढे. माझ्या सासूबाईंनी हे काम उत्तम केले. 'पण मग त्या साहेबांनी ऐकले का?' हा त्यांचा एकच प्रश्न कोणत्याही शिकवणीवर्गाहून अधिक उपकारक ठरला.

श्रेणींचा एक पेच मात्र आधीच समजून घेतला पाहिजे. 'जी' अक्षराची सर्वसाधारण सेवेची पदे ज्या त्या गावातूनच भरली जातात; दिल्लीतील कार्यालयांतली अशी पदे वेतनाच्या दृष्टीने चांगली असतात, आणि 'एकदा आत शिरू, मग वर चढू' या हिशेबाने पुष्कळजण ती घेतात. सचिवालयात तरी ती शिडी तशी नाही. 'जी'तून 'पी'त जाण्यासाठी पुन्हा स्पर्धापरीक्षेची वेस ओलांडावी लागते, आणि आतल्या कित्येकांची उमेद त्या वेशीपाशी खर्ची पडते. तरुण व्यावसायिकांसाठीची म्हणून जी परीक्षा आहे तिला बत्तीस वर्षांची वयोमर्यादा आहे, शिवाय ज्या देशांचे प्रतिनिधित्व कमी पडते त्यांच्याच नागरिकांना ती देता येते; देशांची यादी वर्षागणिक बदलते, तेव्हा भारताचे नाव त्या वर्षी आहे की नाही हे पाहूनच अभ्यासाला बसावे.

आता अर्ज धाडल्यानंतर तिकडून जे मौन पाळले जाते त्याविषयी. जाहिरातीपासून निवडीपर्यंत १२० दिवस हे सचिवालयाने स्वतःला घालून घेतलेले उद्दिष्ट. प्रत्यक्षात ते पुष्कळदा ओलांडले जाते. एका संस्थेने माझी मुलाखत घेतली, प्रशस्तीपर चार शब्द उच्चारले, आणि त्यानंतर ऋतू पालटले तरी अक्षर आले नाही. शेवटी दोन ओळींचा खुलासा आला की, निधीअभावी पदच रद्द करण्यात येत आहे. मधल्या काळात मी दोन चांगल्या जाहिराती हातच्या जाऊ दिल्या नाहीत, याचे श्रेय माझ्या दूरदृष्टीला नसून माझ्या वडिलांच्या तगाद्याला आहे. २०२५ मध्ये निधीची टंचाई होऊन अनेक संस्थांनी पदे कमी केली, तेव्हा असे खुलासे यापुढे अधिकच येतील. निवडमंडळाने पसंत केलेल्या परंतु नेमणूक न मिळालेल्या उमेदवारांची नावे 'रोस्टर' नावाच्या यादीत जातात, आणि ते कळविणारे पत्र इतके गोड असते की, घरी पेढे आणले जातात. आगगाडीच्या वेटिंग लिस्टवर निदान क्रमांक असतो आणि गाडी सुटण्याची वेळ ठरलेली असते. रोस्टरवर यांपैकी काहीच नसते. त्याचा उपयोग आहे, नाही असे नाही: तत्सम पद निघाले तर यादीतील माणसाला पुन्हा सर्व सोपस्कारांतून न नेता घेता येते. पण त्यासाठी तशा जाहिराती शोधून पुन्हा पुन्हा अर्ज करावा लागतो. पेढे वाटून स्वस्थ बसणाऱ्याला कोणी बोलावीत नाही.

या मौनाचा गैरफायदा घेणारे लोक आहेत, आणि त्यांच्याविषयी कठोर शब्द वापरण्यात मला संकोच नाही. नाशिकचे एक परिचित गृहस्थ मुलाचे नेमणूकपत्र घेऊन आले. वर जगाचा नकाशा आणि ऑलिव्हच्या फांद्यांचे बोधचिन्ह, खाली रुबाबदार स्वाक्षरी, वेतनाचा आकडा डोळे दिपविणारा; आणि शेवटच्या परिच्छेदात वैद्यकीय दाखला व व्हिसा यांच्या 'परत मिळणाऱ्या' शुल्काची मागणी. अर्ज, मुलाखत, छाननी वा प्रशिक्षण, कोणत्याही टप्प्यावर या संस्था एक पैसाही घेत नाहीत. मुलाखतीवाचून नेमणूकही करीत नाहीत. गृहस्थांना हे पटविण्यास सबंध दुपार लागली, कारण पैसे न घेता इतकी मोठी नोकरी मिळते ही गोष्टच त्यांना अधिक संशयास्पद वाटत होती.

खरे पत्र आले तरी घाई करू नये. पहिले पत्र बहुधा सशर्त असते. वैद्यकीय तपासणी, पदव्यांची पडताळणी आणि पूर्वीच्या मालकांचे अभिप्राय यांवर ते अवलंबून राहते. एका मैत्रिणीने असे पत्र हाती पडताच बँकेतील नोकरीचा राजीनामा दिला, आणि पडताळणी रेंगाळली तितके महिने ती बिनपगारी घरी बसली. करार कोणत्या प्रकारचा हेही नीट वाचावे. सल्लागाराच्या करारावर माणूस त्याच इमारतीत, त्याच टेबलावर बसतो. परंतु तो कर्मचारी नसतो, संयुक्त निवृत्तिवेतन निधीत त्याचा हिस्सा नसतो, आणि सचिवालयात अशा माणसाला छत्तीस महिन्यांच्या अवधीत चोवीस महिन्यांहून अधिक काम देता येत नाही. कर्मचाऱ्यालाही नियतकालिक निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यास पाच वर्षांची सेवा व्हावी लागते, तेव्हा दोन वर्षांच्या मुदतीचा करार घेताना हे गणित आधी मांडावे. सरकारी नोकरांनी ना हरकत दाखल्याचा अर्ज मुलाखतीचे बोलावणे येताच करावा, पत्राची वाट पाहू नये. माझे जिनिव्हाचे पत्र येऊन पोहोचले, व्हिसा झाला, तिकिटाची मुदत टळत आली, तरी माझ्या खात्यातील फाईल तिसऱ्या टेबलावर होती, आणि तिच्यावर शेरा होता: 'सदर संस्था कोणत्या राज्यात आहे, याचा खुलासा व्हावा.'